अवधाण, प्लेगची गाठ आणि कल्याण स्टेशन

पायाच्या बोटाला ठेच लागून पू झाला की जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसे म्हणतात, 'अवधाण आलंय'. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. मानेत, काखेत, जांघेत अशा ग्रंथी असतात आणि त्यांत पांढऱ्या पेशींचा पहारा असतो.

याच गाठीची एकेकाळी आपल्या कल्याण स्टेशनवर धास्ती होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला आणि लोक शहर सोडून निघाले. पुण्याची आणि नाशिकची वाट कल्याणला फुटते, म्हणून तिथे प्रवाशांची तपासणी सुरू झाली. ताप आहे का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे डॉक्टर पाहत. संशय आला तर माणसाला घरच्यांपासून वेगळे ठेवत. बायाबापड्यांच्या अंगाला परक्याचा हात लागणार, याचा संताप वेगळाच. पुण्यातली घरझडती आणि रँडचा खून आपण शाळेत शिकतो. कल्याणच्या फलाटाबद्दल मात्र फारसे कोणी सांगत नाही.

गाठ तिथेच का येते? प्लेगची पिसू बहुधा पायाला चावते. जंतू लसिकावाहिनीतून जवळच्या, म्हणजे जांघेतल्या ग्रंथीत पोहोचतात. एरवी तिथल्या पेशी जंतूंना गिळून संपवतात. प्लेगचा जंतू मात्र त्या पेशींच्या पोटात जगतो, वाढतो आणि ग्रंथी फुगते. पण चावल्यापासून गाठ यायला दोन ते आठ दिवस लागतात. तोवर माणूस कल्याण ओलांडून केव्हाच घरी पोहोचलेला असे. आणि सामानातल्या पिसवांना कोण उतरवणार? पिसवांचा हात आहे, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लस नेमके काम कुठे करते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ग्रंथीतल्या लिम्फोसाइट पेशींचे महत्त्व जेम्स गोवन्स यांच्या प्रयोगांतून १९६० च्या आसपास उलगडले. कोविडच्या लसीनंतर काहींच्या काखेत गाठ आली होती, ती हीच ग्रंथी कामाला लागल्याची खूण.

आजही आम्ही त्याच जागा चाचपतो. दुखरी, मऊ गाठ बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरते. तीन आठवडे टिकलेली, वाढत जाणारी किंवा कडक गाठ दाखवायलाच हवी. आपल्याकडे मानेतली अशी गाठ अनेकदा टीबीची निघते, आणि ती औषधांनी बरी होते.