चपराशाची चपरास

इंग्रजी अमदानीत वरोऱ्याच्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्या रयतेला हाकिमाचे दर्शन घडण्यापूर्वी ज्या वस्तूचे दर्शन प्रथम घडे, ती वस्तू म्हणजे दाराशी उभ्या असलेल्या नोकराच्या पट्ट्यावर बसविलेली, कचेरीचे नाव कोरलेली पितळी तबकडी होय. तिला चपरास म्हणत, आणि ती धारण करणारा तो चपराशी. फारसीतील ‘चप’ म्हणजे डावा आणि ‘रास्त’ म्हणजे उजवा, या दोन शब्दांपासून हे नाव सिद्ध झाले असे कोशकार सांगतात. एका खांद्यावरून दुसऱ्या कुशीकडे उतरणारा पट्टा ज्याने पाहिला आहे, त्याला ही व्युत्पत्ती सहज पटते. याच नोकरास मुंबई इलाख्यात पट्टेवाला म्हणत आणि मद्रासेकडे प्यून. नागपूर प्रांताने मात्र चपराशी हेच नाव जवळ केले.

सत्तेने चिन्हाच्या द्वारे बोलावे, ही रीत या मुलुखाला नवी नव्हती. चांद्याच्या गोंड राजांनी आपल्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरविला, तो आजही येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतो. इंग्रजांनी प्राण्याच्या जागी अक्षरे आणली. परंतु रानातील गावांतून येणाऱ्या बहुतेकांस ती अक्षरे वाचता येत नसल्यामुळे, चिंच व राख लावून घासलेल्या पितळेची झळाळी हीच त्यांच्यापुरती हुकमाची भाषा ठरली.

संग्राहकाला मात्र तीच अक्षरे प्रमाण मानावी लागतात. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि १९०३ साली वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला गेला; म्हणून चपराशीवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ अशी जोड असेल, तर ती १९०३ पूर्वीची असू शकत नाही. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी याच प्रांताचे मध्यप्रदेश झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. याचा अर्थ असा की, वरोऱ्याच्या कचेरीत १९४९ साली चाकरीस लागलेला चपराशी गाव, कचेरी आणि बसण्याचे बाक न बदलता अकरा-बारा वर्षांत चार सरकारांचा नोकर झाला. तबकडीवर मुकुट असेल, तर त्याच्या कमानीही निरखाव्यात : व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खचलेल्या असतात, १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या भरीव गोलाईच्या असतात, आणि १९५० पासून मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

जर्मन सैन्याच्या जुन्या गणवेशचिन्हांचा अभ्यास करणारे युरोपीय संग्राहक हीच पद्धत अनुसरतात. प्रशियाच्या शिपायाच्या कमरपट्ट्यावरील ‘देव आमच्यासवे’ हे ब्रीद पुढे अनेक वर्षे टिकले, परंतु त्याच्या वेढ्यातील मुकुट १९१८ सालच्या पराभवानंतर जाऊन तेथे प्रजासत्ताकाचा गरुड आला आणि हिटलरच्या काळात त्या गरुडाच्या नखांत स्वस्तिक आले. ब्रीद तेच राहिले, राज्ये पालटली. जाणकार ब्रीदावर न थांबता त्याच्या आतले चिन्ह पाहतो.

चपरास तळहातावर घेतली, की प्रथम ती उलटी करावी. दर्शनी बाजू वर्षानुवर्षे घासली जात असल्यामुळे तेथील अक्षरांच्या कडा बोथट होतात व मधला भाग कडेपेक्षा अधिक गुळगुळीत होतो. मागील बाजूस मात्र कानशीचे ओरखडे तसेच राहतात, आणि चामडी पट्टा ज्यांतून ओवला जाई ते कान आतून झिजलेले आढळतात. अक्षरे धारदार, खाचांत मात्र बळेच आणलेली काळिमा, आणि कानांना झीज नाही, अशी तबकडी समोर आली, तर ती कोणाच्याही छातीवर मिरवलेली नाही असे खुशाल समजावे. अस्सल चपरास हाती आली, तर तिला पुन्हा घासून चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कारण त्या काळवंडलेपणात तिचे वय साठलेले असते.

तरीही एक गोष्ट कोणत्याही चपराशीवर वाचता येत नाही. तिच्यावर कचेरीचे नाव असते, हुद्दा असतो, क्वचित अनुक्रमांक असतो. उन्हापावसात नदीनाले ओलांडून समन्स पोहोचविणाऱ्या माणसाचे नाव मात्र नसते, कारण तबकडी सरकारची होती आणि माणूस गेला की ती दुसऱ्याच्या पट्ट्यावर चढे. बाजारात पोहोचलेल्या चपराशीचे ते नाव कायमचे हरपते, आणि मोडीत गेलेली चपरास तर वजनाच्या भावाने वितळून जाते. म्हणून वरोरा, चिमूर, ब्रह्मपुरी वा गडचिरोलीकडील ज्या घरांच्या फडताळात अशी तबकडी पडून असेल, त्यांना माझी विनंती आहे : ती विकावयाची असो वा ठेवावयाची, आजोबांचे नाव, त्यांची कचेरी आणि चाकरीची साले एका कागदावर लिहून तो कागद तिच्याभोवती गुंडाळून ठेवा. पितळेवर जे कोरले गेले नाही, ते लिहिणे आता फक्त तुमच्याच हाती आहे.