नोटबुकचे पान आणि कर्नलची स्मृती

१४ सप्टेंबर २०१५ रोजी हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरींची पहिली थेट नोंद घेतली. फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा मूळ विदा आणि तिचे विश्लेषण दाखवणारे ज्युपिटर नोटबुकही सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्यात स्पष्टीकरण, पायथॉनचा कोड आणि त्याच कोडने काढलेले आलेख एकाखाली एक येतात. गोंगाट गाळल्यावर, सुमारे ७ मिलिसेकंदांचा फरक जुळवून एक रेषा उलटी केली की दोन्ही ठिकाणच्या रेषा एकमेकींवर बसतात. संकेत ऐकताही येतो. खर्जातला हा आवाज कानाला स्पष्ट लागावा म्हणून त्याची वारंवारिता ४०० हर्ट्झने वर सरकवली आहे. वाचक गाळणीची मर्यादा बदलतो, सेल (कोडचा तो तुकडा) पुन्हा चालवतो आणि लहर उरते की विरते हे स्वतः पाहतो. विधान आणि त्याचा पुरावा इतक्या जवळ आणणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

या कल्पनेला पूर्वपरंपरा आहे. प्रोग्रॅम माणसाने वाचावा असा लिहावा, हा विचार डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये मांडला. १९८८ मध्ये मॅथेमॅटिकाने नोटबुकचे रूप रूढ केले. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथॉनमधून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला.

दोष मात्र रचनेतच आहे. मजकूर व समीकरणे ब्राउझर दाखवतो. कोड चालतो कर्नल या स्वतंत्र प्रक्रियेत, आणि कर्नलला आधीचे सगळे आठवत असते. चलाची किंमत ठरवणारा सेल पुसला तरी ती किंमत स्मृतीत राहते, खालचे सेल बिनतक्रार चालतात. सेल उलटसुलट क्रमाने चालवले तर उत्तरही बदलू शकते, आणि पान वाचून ते कळत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात गिटहबवरील सुमारे १४ लाख नोटबुके तपासली गेली. पुन्हा चालवून पाहिलेल्यांपैकी २४ टक्के विनात्रुटी चालली. मूळचेच निकाल जेमतेम ४ टक्क्यांनी दिले. हरवलेल्या लायब्ररींचाही यात वाटा होता.

प्लूटो आणि ऑब्झर्व्हेबल ही नोटबुक साधने कोणता सेल कशावर अवलंबून आहे हे ओळखतात आणि एक बदलला की त्यावर विसंबलेले सेल आपोआप चालवतात. माझ्या मते हीच योग्य दिशा आहे. ज्युपिटर वापरणाऱ्यांनी नोटबुक दुसऱ्याला देण्यापूर्वी कर्नल नव्याने सुरू करून सर्व सेल वरून खाली चालवावेत आणि लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी सोबत जोडावी.