बाळाचा पहिला घास कोणाच्या हाताने?

आपल्या मंडळात हळदीकुंकू आटोपले की बायका घोळक्याने बसतात आणि बोलता बोलता विषय मुलानातवंडांच्या खाण्यावर येतो. “आमचा मेला काही खातच नाही हो,” हे वाक्य दर वेळी निदान दोघींच्या तोंडून निघतेच. कोणी सांगते, मांडीत घट्ट धरून भरवा. कोणी सांगते, मोबाईल दाखवा, आपोआप आ करतो. अलीकडे आपल्या लेकीसुना एक निराळेच सांगू लागल्या आहेत. सहा महिन्यांचे बाळ बसू लागले की त्याच्यापुढे मऊ अन्न ठेवायचे. ते हाताने उचलील, चिवडील, चोखील आणि खाईल. सासूबाईंना हे खूळ वाटते, सुनेला सासूबाईंचे भरवणे जुलमाचे वाटते, आणि दोघींच्या वादात मूल मात्र उपाशी राहते किंवा रडत जेवते. म्हणून या प्रश्नाचा मागचा इतिहास काय आहे, तो माझ्या साध्या भाषेत येथे मांडते.

आपल्याकडे पहिल्या अन्नाचा संस्कार फार जुना आहे. शास्त्रात त्याला अन्नप्राशन म्हणतात, आपण उष्टावण म्हणतो. गृह्यसूत्रांनी त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. वैद्यकातील सुश्रुतसंहितेनेही सहाव्या महिन्यात हलके आणि हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. बालकांच्या वैद्यकाचा खास ग्रंथ जी काश्यपसंहिता, तिने सहाव्या महिन्यात आधी फळ आणि दहाव्या महिन्यात धान्याचे अन्न अशी चढती पायरी ठेवली आहे. आजचे डॉक्टर दहाव्या महिन्यापर्यंत थांबू देणार नाहीत. पण अन्न एकदम नव्हे, पायरीपायरीने द्यावे, हा विचार त्यात आहेच.

या संस्कारात आणखी एक गंमत आहे. अन्नप्राशन झाल्यावर बाळापुढे पोथी, शस्त्र, कारागिराची हत्यारे अशा वस्तू मांडाव्यात, आणि ते ज्याला प्रथम हात लावील त्यावरून त्याची पुढची उपजीविका ओळखावी, असे जुन्या ग्रंथांत सांगितले आहे. म्हणजे जन्माचा धंदा निवडायला बाळाचा हात चालतो. पण वाटीतला भात उचलायला चालत नाही! पहिला घास मामाने भरवायचा आणि नंतरचे सगळे आईने, आजीने. त्यात माया असते हे कोण नाकारील? पण मूल पायांवर आडवे घालून, रडत असताना बोंडल्याने घशात ओतणे हीसुद्धा आपल्याच घरातली रीत. रडत्या मुलाच्या घशात ओतलेले पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, हे आपण विसरतो.

पाश्चात्त्य देशांत तर्‍हा वेगळी होती, पण मुलाचे मत तेथेही कोणी विचारीत नव्हते. १८६७ च्या सुमारास युरोपात बाळांसाठी तयार पिठांचे डबे निघाले. १८९४ साली अमेरिकेतील डॉक्टर एमेट होल्ट यांचे बालसंगोपनाचे पुस्तक निघाले आणि घड्याळ पाहून, मापून भरवण्याची शिस्त घरोघर पोचली. पुढे १९२० च्या दशकात डॉक्टर आईच्या हाती कागद देत: अमुक महिन्याला अमुक पदार्थ, इतकेच चमचे, इतक्याच वाजता. मुले तोंड मिटून बसत, आया रडकुंडीस येत, आणि दवाखाने “जेवत नाही” या तक्रारीने भरून जात.

या तक्रारींना कंटाळून एका बालरोगतज्ज्ञ बाईने उलटा प्रश्न विचारला. त्यांचे नाव डॉ. क्लारा डेव्हिस. कागद बाजूला ठेवून मुलालाच निवडू दिले तर काय होईल? १९२६ साली त्यांनी हा प्रयोग सुरू केला, आणि पुढे तो शिकागो येथे वाढवला. नुकतेच दूध तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची, तोवर दुसरे कोणतेही अन्न न चाखलेली बाळे त्यांनी घेतली. ज्यांच्या आयांना मूल पोसण्याची ऐपत नव्हती अशांची ती मुले होती. एकूण पंधरा मुलांवर हा प्रयोग झाला, आणि काही मुले त्यात साडेचार वर्षांची होईपर्यंत होती.

पद्धत अशी होती. सुमारे ३४ पदार्थांची यादी केली. त्यात साधे दूध, आंबवलेले दूध, अंडी, मांस, काळीज, मासे, गहू, ओट, बटाटा, गाजर, बीट, कोबी, पालक, केळे, सफरचंद, संत्र्याचा रस असे सगळे होते. साखर नव्हती, लोणी नव्हते, डब्यातले काही नव्हते. एकात एक मिसळायचे नाही. मीठही वेगळ्या ताटलीत. दर जेवणाला त्यांतले काही पदार्थ निरनिराळ्या ताटल्यांत बाळापुढे ठेवायचे. शेजारी परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. बाळाने बोट दाखवले किंवा हात पुढे केला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडले तरच घालायचा. शाबासकी नाही, रागावणे नाही. बाळाने हाताने खाल्ले, सांडले, तरी ओरडायचे नाही. जेवण झाल्यावर उरलेले आणि सांडलेले अन्न वजन करून लिहून ठेवायचे. अशा ३६,००० हून अधिक जेवणांच्या नोंदी झाल्या.

पहिल्या दिवसांत बाळांनी ताटली, चमचा, सगळेच चोखून पाहिले. काही पदार्थ तोंडात घालून थुंकले. लवकरच प्रत्येकाची आवड ठरली, आणि कोणाचीही दुसर्‍यासारखी नव्हती. एखादे मूल सकाळी काळीज आणि संत्र्याचा रस मागे. एखादे रात्री अंडी, केळी आणि दूध. मोठ्यांना ही जेवणे विचित्र वाटत, पण कित्येक दिवसांची बेरीज केली की पोषण बरोबर जमे. काही मुले आली तेव्हा अशक्त होती, पाचांना मुडदूस होता. ती सगळी सुधारली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉड माशाचे तेल पेल्यात ठेवीत. ते कडवट तेल ते मधूनमधून आपखुशीने पीत राहिले, आणि हाडे बरी झाल्यावर त्याने ते सोडले. १९२८ साली डॉक्टरीणबाईंनी पहिला वृत्तान्त छापला आणि १९३९ साली सगळ्या प्रयोगाचा गोषवारा दिला.

आता खरी मेख ऐका. लोकांनी या प्रयोगातून एवढेच उचलले की मुलाला सगळे कळते, त्याला वाटेल ते खाऊ द्या. डॉ. डेव्हिस यांचे म्हणणे तसे मुळीच नव्हते. मुलाच्या अंगी काही जादू नाही, खुबी यादीत होती, असे त्यांनी स्पष्ट केले. ताटात सगळेच चांगले असेल तर मूल कसेही निवडो, वाईट निवडणार कसे? गोडधोड आणि कारखान्यातले अन्न ठेवून दुसरा प्रयोग करायचा त्यांचा विचार होता; पण अमेरिकेत आर्थिक मंदी आली, पैसे संपले आणि तो राहून गेला. तो दुसरा प्रयोग आज आपल्या गल्लीत बिनखर्चाने चालू आहे! दहा महिन्यांच्या बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो, आणि आपण म्हणतो, “त्याला दुसरे काही आवडतच नाही.”

त्या प्रयोगाची दखल डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात घेतली. तरी घरोघरी चमचाच चालू राहिला. त्याचे एक कारण वयाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला तिकडे तीनचार महिन्यांच्या बाळालाच अन्न सुरू करीत. त्या वयात बाळ बसत नाही, वस्तू तोंडाशी नेत नाही, म्हणून पातळ लगदा आणि चमचा याला इलाज नव्हता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगितले. सहा महिन्यांचे बाळ आधाराने बसते, मूठ वळते, दिसेल ते तोंडात घालते. मग लगदाच कशाला, असा प्रश्न इंग्लंडमधील जिल रॅप्ली यांनी विचारला. त्या घरोघर जाऊन बाळांची विचारपूस करणार्‍या परिचारिका होत्या. बाळाने स्वतः खावे या विषयावरचे त्यांचे पुस्तक २००८ साली निघाले आणि ही पद्धत जगभर गेली.

“घास अडकला म्हणजे?” ही सासूबाईंची भीती खोटी नाही. न्यूझीलंडमध्ये सुमारे २०० कुटुंबांना घेऊन याचा अभ्यास झाला. नीट शिकवलेल्या आयांच्या बाळांना घास अडकण्याचे प्रकार चमच्याने भरवलेल्यांपेक्षा जास्त झाले नाहीत, असे २०१६ साली छापून आले. मात्र “नीट शिकवलेल्या” हे शब्द विसरू नका. बाळ ताठ बसलेले हवे, मोठे माणूस समोर हवे. शेंगदाणा, चणा, अख्खे द्राक्ष, कच्चे गाजर, कच्चे सफरचंद देऊ नये. तुकडा दोन बोटांत सहज चिरडेल इतका मऊ हवा. वर्षाच्या आत मध नको, मीठसाखर नको. अपुर्‍या दिवसांचे किंवा वजनाने कमी बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी काय कमी आहे? उकडलेले रताळे, तांबडा भोपळा, पिकलेले केळे, वरणभाताचा मऊ गोळा, मुगाच्या खिचडीचा मुटका, चालत असेल त्यांच्याकडे पुरते उकडलेले अंडे. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह अन्नातून मिळावे लागते, म्हणून नुसत्या केळ्यावर भागत नाही. डाळ, पालेभाजी, अंडे रोज काहीतरी हवेच. आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. सुरुवातीला बाळाच्या हातून पोटात थोडेच जाते. त्यामुळे खिमट किंवा नाचणीची पेज आपल्या हाताने भरवायला काहीच हरकत नाही, असे माझे मत आहे. फक्त त्या परिचारिकेचा नियम पाळावा: बाळाने तोंड उघडले तरच घास, मान फिरवली की हात मागे.

म्हणजे सासू आणि सून दोघींचेही थोडे खरे आहे. ताटात काय वाढायचे हे आपण ठरवायचे. किती खायचे हे बाळाने. पहिले काम आपण त्याच्यावर टाकू नये आणि दुसरे त्याच्या हातून काढून घेऊ नये. चटई मळेल, लाळेरे दिवसातून तीनदा धुवावे लागेल, भात केसांत जाईल. पण जे मूल पोट भरले हे स्वतः ओळखायला शिकते, त्याच्यामागे वाटी घेऊन घरभर धावावे लागत नाही. पुढच्या उष्टावणाला मामाने घास भरवून झाला की एक मऊ तुकडा बाळाच्या हातातही ठेवून पाहा, एवढीच माझी मंडळातल्या सर्व आयांना आणि आज्यांना विनंती आहे.