नळसामग्री : वर्गीकरण व संकेतन

नळ, कोपर, फ्लँज, झडपा, बोल्ट यांसारख्या मोठ्या संख्येने लागणाऱ्या वस्तूंची प्रकार, आकारमान, जाडी, द्रव्य व मानक यांनुसार मांडणी करून प्रत्येक प्रकारास संकेतांक देण्याची पद्धती. कारखान्यातील प्रत्येक पंपास स्वतंत्र क्रमांक असतो. शेकड्यांनी येणाऱ्या कोपरांना तो नसतो. संकेतांक हीच त्यांची ओळख होय.

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये लोखंडी नळांतून मुंबईत आले. पुढे परळ–लालबागच्या कापड गिरण्यांत वाफेच्या नळांचे जाळे पसरले. मापे इंचांत असत; मात्र नळाचे इंच हे मोजपट्टीचे इंच नव्हेत. ‘अर्धा इंची’ नळाचा बाह्य व्यास २१.३ मिमी. व मध्यम वर्गात अंतर्व्यास सु. १६ मिमी. असतो. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी., त्यात कोठेच सापडत नाही. प्रारंभी भिंती जाड असल्याने आतील पोकळी नावाच्या जवळपास असे. पुढे भिंती पातळ झाल्या, पण आटे व जोडतुकडे जुळावेत म्हणून बाह्य व्यास कायम ठेवण्यात आला. भारतात १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर हाच नळ ‘१५ मिमी.’ झाला, नाव बदलले, नळ बदलला नाही. गवंडी व प्लंबर त्याला अजूनही अर्धा इंचीच म्हणतात.

आकारमान सांगून नळ ठरत नाही, हे यावरून ध्यानात येते. अमेरिकी मानकात जाडीसाठी शेड्यूल क्रमांक आले. अर्धा इंची नळाची भिंत शेड्यूल ४० मध्ये २.७७ मिमी., तर ८० मध्ये ३.७३ मिमी. असते, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. भारतीय मानक संस्थेच्या (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) आयएस १२३९ या १९५८ च्या मानकाने सौम्य पोलादी नळांचे हलका, मध्यम व जड असे वर्ग केले. त्यांच्या खुणा अनुक्रमे पिवळा, निळा व तांबडा पट्टा. पट्टा पुसला गेला की वर्ग नजरेने ओळखणे कठीण.

तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. या उद्योगात अमेरिकी मानके रूढ असल्याने मुंबईच्या बाजारात दोन्ही परिभाषा शेजारी नांदू लागल्या. गिरगावात सी. पी. टँक, खेतवाडी व कुंभारवाडा या परिसरांतील पेढ्यांवर त्या आजही एकत्र ऐकू येतात. बाष्पित्रांच्या १९५० च्या नियमांनुसार तपासलेला, प्रमाणपत्रासह विकला जाणारा ‘आयबीआर’ नळ तेथे वेगळा मोजला जातो. त्याच मापाचा साधा नळ उच्च दाबाच्या वाफेला लावल्यास तो फुटून जीवितहानी होऊ शकते.

सूचीतील संकेतांकात वस्तुप्रकार, टोकाची रचना, दाबवर्ग, द्रव्य व आकारमान यांना ठरावीक स्थाने असतात. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाशी (१९३३) या रचनेचे साम्य आहे. प्रत्येक गुणधर्म कोंबला तर संकेतांक लांबतो व लिहिताना चुकतो. निव्वळ अनुक्रमांक दिला तर तो काहीच सांगत नाही. एका वस्तूस दोन संकेतांक पडल्यास कोठारात अनावश्यक साठा होतो. दोन वस्तूंस एकच संकेतांक पडणे अधिक घातक, कारण ती चूक बहुधा नळ जोडून झाल्यावरच उघड होते.