कुक्स : पाडलेला प्रासाद आणि उरलेले दुर्गुण

बरोक वास्तूविषयी लिहिताना आपण बहुधा जे उभे आहे त्याचे वर्णन करतो. ईशान्य बोहेमियातील कुक्स येथे मात्र जे उभे नाही, तेथूनच आरंभ करावा लागतो. काउंट फ्रान्झ आंतोन श्पोर्क (१६६२–१७३८) याने लाबे नदीकाठी, वनांनी वेढलेल्या उतारावर प्रासाद, स्नानगृहे आणि नाट्यगृह उभारले. १७४० च्या महापुराने स्नाननगरीची वाताहत केली. प्रासाद १९०१ साली पाडला गेला. त्याच्याकडे जाणाऱ्या भव्य पायऱ्या तेवढ्या उरल्या.

श्पोर्कची सरदारी जुनी नव्हती. त्याचा पिता वेस्टफेलियातील शेतकरी कुटुंबात जन्मला आणि रणांगणावरील कर्तृत्वाने काउंट झाला. अशा नव्या प्रतिष्ठेला साक्षी लागतात. पुत्राने त्या दगडात, संगीतात आणि छापील शब्दांत शोधल्या. फ्रेंच धर्मपर ग्रंथांचे जर्मन अनुवाद त्याने आपल्या मुलींकडून करवून घेतले, ते छापून वाटले. शेजारच्या जेझुइटांशी त्याचे वैर होतेच. १७२९ साली कुक्सवर सैनिक आले, ग्रंथसंग्रह जप्त झाला आणि पाखंडाच्या आरोपाखाली चौकशी सुरू झाली. मूर्ती मात्र कोणी जप्त केल्या नाहीत. सत्तेला भय वाटले ते शब्दांचे.

नदीपलीकडे वृद्ध व निराधारांसाठी बांधलेला रुग्णाश्रम आजही आहे. त्याच्या पुढ्यात मात्यास ब्राऊन या शिल्पकाराने घडवलेल्या सद्गुणांच्या आणि दुर्गुणांच्या मूर्तींच्या रांगा आहेत. त्यांत दुर्गुणच अधिक जिवंत वाटतात. साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही : बोधासाठी योजलेले रूपक कलावंताच्या हाती बोधाला ओलांडून जाते. जवळच्या अरण्यात तर ब्राऊनने जागच्या वालुकाश्मातच येशूजन्माचा देखावा आणि एकांतवासी तपस्वी कोरले. पावसाने आणि शेवाळाने ती शिल्पे झिजत आहेत.

विलास लयाला गेला आणि दान टिकले, असा सोपा निष्कर्ष येथे मोहात पाडतो. पण रुग्णाश्रमाच्या चर्चखाली श्पोर्क घराण्याचे दफनघर आहे. म्हणजे दानातही कीर्तीची आकांक्षा होतीच. शिवाय या साऱ्या वैभवामागे जमिनीला बांधलेल्या कुळांची वेठ होती. बोहेमियात ती १८४८ पर्यंत चालू राहिली. त्या कुळांची नावे कोणत्याही पायरीवर नाहीत. कुक्सचे वाचन करताना प्रासादाच्या रिकाम्या जागेइतकीच ही रिकामी जागाही वाचावी लागते.