प्रीबायोटिके व आंत्रदाह

प्रीबायोटिके म्हणजे लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यातील हितकर जीवाणूंना पोसणारे अन्नघटक. ही संकल्पना गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. कांदा, लसूण, चिकोरीचे मूळ यांतील इन्युलिन हे ठळक उदाहरण. अशा तंतूंच्या किण्वनातून ब्युटिरेट तयार होते. बृहदांत्राच्या अस्तरपेशींचे तेच मुख्य इंधन. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आंत्रदाहाच्या एका प्रकारात इसबगोलाच्या तंतूंचा अनुभव खरोखर आशादायक आहे: १९९९ च्या स्पॅनिश चाचणीत रोगशमन टिकवण्यात इसबगोलाचे बी मेसालामीन या औषधाच्या जवळपास ठरले. क्रोन रोग या दुसऱ्या प्रकारात मात्र निराशा झाली. २०११ च्या ब्रिटिश चाचणीत रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक देऊनही लाभ दिसला नाही; उलट पोटातील वायू व गुडगुड वाढली. आतडे अरुंद झालेल्या रुग्णांत तंतूंमुळे अडथळ्याचा धोका असतो, त्यामुळे तेथे वैद्यकीय सल्ला अनिवार्य.