वर्धेच्या दोन तीरांवरील सेटलमेंट

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवरील नांदगाव पेठेच्या नावातच वसाहतीचा अर्थ सामावलेला आहे. कारण पेठ म्हणजे उदमी, वाणी, कारागीर यांना कौल व सवलती देऊन वसविलेली वस्ती, हे मराठी वाचकास सांगावयास नको. इंग्रजीत अशा वस्तीस 'सेटलमेंट' म्हणता येते. परंतु २१ मे १८५३ च्या तहान्वये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर आणि १८६० नंतरच्या दशकात मोजणीदार शंकू-साखळी घेऊन शेताशेतांतून हिंडू लागल्यावर, तोच शब्द कचेरीतून रयतेच्या कानी आला तो जमाबंदी या अर्थाने.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार शेतास नंबर द्यावयाचा, क्षेत्र एकर-गुंठ्यांत मोजावयाचे, काळी कोणती, मुरमाड कोणती हे पाहून मातीची प्रत आण्यांत ठरवावयाची आणि त्यावरून आकार बसवून तो तीस वर्षे कायम ठेवावयाचा, असा हा सारा खटाटोप. आणि मक्त्याने गावे घेणाऱ्या तालुकदारांच्या अमलानंतर, साऱ्याची रक्कम आगाऊ ठाऊक असणे हीच रयतेस मोठी सोय वाटली असल्यास नवल नाही.

त्याच सुमारास, १८६३ मध्ये, शांघायमधील इंग्रज व अमेरिकन वस्त्या एकत्र होऊन 'इंटरनॅशनल सेटलमेंट' निर्माण झाली. तेथील चिनी माणसास या शब्दाचा अर्थ शिकावा लागला तो परक्यांचा अंमल चालणारा मुलूख असा. त्याच्या भाषेत त्यास जे नाव पडले, त्याचा अक्षरार्थ भाड्याची हद्द, आणि माझ्या मते मूळ शब्दापेक्षा तेच अधिक प्रामाणिक होते. (१९०२ साली वऱ्हाडही पंचवीस लाख रुपये सालिना घेऊन कायमच्या पट्ट्याने दिले गेले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

मात्र अर्थभेद पाहण्यास शांघायपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. वर्धा नदी ओलांडताच तीच सेटलमेंट 'बंदोबस्त' होई, आणि तीत सरकारचा करार होई तो मालगुजाराशी, ज्यास गावाचा मालकी हक्क मिळाला. नदीच्या अलीकडच्या तीरावर, वऱ्हाडात, मात्र करार प्रत्यक्ष खातेदाराशी. एकाच शब्दाने एका तीरावर जमीनदार निर्माण केला आणि दुसऱ्या तीरावर रयत थेट सरकारपुढे उभी केली, याची जबाबदारी शब्दाची नव्हे, तो वापरणाऱ्या सरकारची होय. पुढे १९५१ साली मालगुजारी कायद्याने संपली, तेव्हा वऱ्हाडात त्याचा बडगा मुख्यतः इजारा-जहागिरीच्या गावांवरच पडला.